हो म्हणण्याआधी बाळं मोज

अगं, फ्रीमाँटला घरी डेकेअर सुरू करतेयस, छानच. पण ओळखीतल्या प्रत्येकीला 'आणून सोड गं' म्हणू नकोस. कॅलिफोर्नियाचा हिशोब आधी समजून घे.

घरगुती डेकेअरच्या लहान परवान्यावर नुसती बाळंच, म्हणजे दोन वर्षांखालची, घेतलीस तर 4. लहानमोठी मिळून 6, पण त्यात बाळं 3 च. 8 पर्यंत जाता येतं, पण मग बाळं 2 च, शिवाय एक मूल शाळेत किंवा किंडरगार्टनला जाणारं आणि आणखी एक किमान 6 वर्षांचं हवं. घर भाड्याचं असेल तर 6 च्या वर जायला मालकाची लेखी संमतीही लागते.

आणि तुझा लेक! तो 10 वर्षांखालचा आहे ना? मग तोही आकड्यात धरायचा. तीन वाजता दप्तर टाकून घरात शिरला की तुझी संख्या एकाने वाढली. सगळ्या इथेच फसतात.

मीही फसले. घरात 6 मुलं, त्यात 3 बाळं. मैत्रीण 'अर्धाच तास गं' म्हणून दहा महिन्यांची लेक ठेवून गेली आणि नेमक्या तपासणीच्या बाई दारात. त्या सांगून येत नाहीत. माझे हात कणकेचे, कडेवर ते सातवं मूल, काय बोलणार? लेखी शेरा मिळाला. मैत्रीण अजून म्हणते, 'एवढं काय त्यात!'

फ्रिजवर सगळ्यांच्या जन्मतारखा लाव, दुसरा वाढदिवस लाल पेनाने. बाळाची जागा त्याच दिवशी मोकळी होते, आदल्या आठवड्यात नाही.