वाचक विचारतात : मुरगावची जहाजे आणि शॅम्पेनच्या बाटल्या

प्रश्न : ‘द सी वुल्व्हज’ हा १९८० सालचा इंग्रजी हेरपट मी दोन-तीन वर्षांतून एकदा तरी पाहतो, घर सड्यावर आहे आणि खिडकीतून बंदर दिसते, हेही त्याचे कारण असेल. यंदा मुलगा आणि सून सोबत बसली आणि ‘बाबा, अजून काही घडतच नाही’ म्हणत पाऊण तासात उठून गेली. या चित्रपटात खरे किती आणि रचलेले किती? आम्हांला तो आवडतो, तो केवळ जुन्या आठवणींमुळे का? (एक वाचक, वास्को)

उत्तर : आधी खरे काय ते सांगतो. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ राहिला आणि त्यामुळे गोवाही. ‘एरेनफेल्स’, ‘ड्राखेनफेल्स’ व ‘ब्राउनफेल्स’ ही जर्मन आणि ‘आन्फोरा’ हे इटालियन मालवाहू जहाज मुरगावात आश्रयाला राहिले. ‘एरेनफेल्स’वरील गुप्त बिनतारी यंत्रावरून दोस्त राष्ट्रांच्या जहाजांची माहिती जर्मन पाणबुड्यांना मिळते, असा ब्रिटिशांचा संशय होता. तटस्थ बंदरावर नौदल धाडणे शक्य नसल्याने ही कामगिरी कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी राखीव पलटणीतील, एरवी नोकरीधंदा करणाऱ्या प्रौढ साहेबांवर सोपवली गेली. ते आले ‘फीबी’ नावाच्या, बंदरातला गाळ वाहून नेणाऱ्या संथ बार्जमधून. मांडवीतून खनिज वाहणाऱ्या बार्जी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या धाडसातली गंमत वेगळी समजावून सांगायला नको. ९ मार्च १९४३ च्या पहाटे हल्ला झाला आणि जहाजे शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून खलाशांनी ती स्वतःच बुडवली. जेम्स लीझर यांचे पुस्तक १९७८ साली येईपर्यंत ही हकीकत सर्वसामान्यांना ठाऊक नव्हती.

पंचांग उलटे मोजून पाहिले, तर १९४३ साली ईस्टर २५ एप्रिलला होता, आणि कार्निव्हल ईस्टरच्या साधारण सात आठवडे आधी येतो. म्हणजे हल्ल्याचे दिवस नेमके इंत्रुजाचे, कार्निव्हलचे होते. खलाशांना जहाजावरून किनाऱ्यावर ओढण्यासाठी मेजवानीचा घाट घातला जातो, हा चित्रपटातील भाग म्हणूनच पटतो. रॉजर मूर यांचे त्या गूढ बाईशी जुळणारे प्रकरण मात्र पटकथेची भर आहे. माझ्या मते तोच चित्रपटाचा सर्वांत कच्चा भाग; त्या काळी बाँड म्हणून गाजत असलेल्या नटाला डिनर जॅकेट घालण्याची संधी द्यावी, यापलीकडे त्याला प्रयोजन दिसत नाही. ग्रेगरी पेक, डेव्हिड निव्हन आणि सुटलेल्या पोटांची ती मंडळी धापा टाकत कवायत करतात, ते प्रसंग कितीतरी सरस आहेत.

आता ‘काही घडत नाही’ या तक्रारीविषयी. एकीकडे मेजवानी रंगलेली आणि दुसरीकडे गुपचूप काम चाललेले, ही योजना हेरपटात जुनीच आहे आणि तिचा सर्वोत्तम नमुना आल्फ्रेड हिचकॉक यांच्या १९४६ सालच्या ‘नटोरिअस’मध्ये सापडतो. रिओतील एका हवेलीत पाहुणे जमले आहेत. कॅमेरा जिन्याच्या वरून, सगळे दालन दाखवत सावकाश खाली उतरतो आणि इंग्रिड बर्गमन यांच्या मुठीत लपवलेल्या एका लहानशा किल्लीवर येऊन थांबतो. ती किल्ली तळघराची. त्यानंतर दिग्दर्शक घड्याळ दाखवत नाही, बर्फात ठेवलेल्या शॅम्पेनच्या बाटल्या दाखवतो. त्या एकेक करून कमी होत आहेत आणि संपल्या की यजमान नव्या बाटल्या आणायला तळघरात जाणार, हे आपल्याला कळून चुकलेले असते. तिकडे तळघरात कॅरी ग्रांट यांच्या धक्क्याने एक बाटली फुटते आणि तिच्यातून दारूऐवजी वाळूसारखी काळी पूड सांडते. एकही गोळी न सुटता प्रेक्षक खुर्चीच्या कडेला येतो. आपल्या चिरंजीवांना प्रथम हा प्रसंग दाखवावा आणि मुरगाव बंदर नंतर. आठवणींचा वाटा आपल्या आवडीत असेलच. पण वाट पाहायला लावण्याची ही कला त्या आठवणींच्या आधीपासूनची आहे.

प्रश्न : ‘फर्ज’सारख्या हिंदी हेरपटांना आजची मुले हसतात. आम्ही भाबडे होतो काय? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : थोडेसे होतो, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. ‘फर्ज’ (१९६७) हा मुळात ‘गूढचारी ११६’ या तेलुगू चित्रपटाचा हिंदी अवतार; जितेंद्र यांच्या ‘एजंट ११६’पेक्षा त्यांचे नाचच लोकांच्या अधिक लक्षात राहिले. पुढच्याच वर्षी रामानंद सागर यांचा ‘आँखें’ आला आणि धर्मेंद्र यांनी परदेशांत केलेली हेरगिरी पाहायला लोकांनी गर्दी केली. विमानाचे तिकीट ज्यांच्या स्वप्नातही नव्हते, त्यांना तीन तासांत परदेश दिसत होता. मुलांना हसू द्यावे. आपणही सोबत हसावे.

प्रश्न : रंगीत नसलेला एखादाच जुना हेरपट पाहायचा, तर कोणता? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’, १९६५, मार्टिन रिट यांचे दिग्दर्शन, रिचर्ड बर्टन प्रमुख भूमिकेत. रंगीत चित्रपट सर्रास निघत असतानाही तो मुद्दाम कृष्णधवल ठेवला गेला. यातील हेराकडे ना वेगवान मोटार, ना चमत्कारिक घड्याळ. तो ग्रंथालयात किरकोळ नोकरी करतो आणि उधार द्यायला नकार देणाऱ्या पसरकाराला मारहाण करून तुरुंगात जातो. ही मारहाण रागाच्या भरात झाली की ठरवून, हे आपल्याला हळूहळू उमगत जाते. म्हणून हा चित्रपट मध्ये न उठता पाहावा. चहा आधीच घेऊन बसावे.