जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसवावे का?

प्रश्न : माझा लॅपटॉप २०१३ सालचा आहे. त्यात ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्डडिस्क असून विंडोज १० सुरू व्हायलाच पाच-सात मिनिटे जातात. विंडोज ११ त्यावर चालणार नाही, असे दुकानदार म्हणतात. माझे काम मराठी लेखन, ईमेल आणि अधूनमधून व्हिडिओ पाहणे, एवढेच आहे. लिनक्स बसवावे का, आणि ते मला स्वतःला जमेल का?
— एक निवृत्त शिक्षिका, सांगली

उत्तर : लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी संगणक चालवणारी मोफत प्रणाली. ती अवश्य बसवा, थोडा धीर धरला तर ते तुम्हाला जमेल. दुकानदारांचे म्हणणे खरे आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि बराच नवा प्रोसेसर लागतो, आणि विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. तेवढ्यासाठी चालता लॅपटॉप भंगारात देणे मला मुळीच पटत नाही.

तुमच्या कामासाठी लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रकाराची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती योग्य ठरेल. तिला किमान २ जीबी रॅम पुरते, तिची मांडणी विंडोजची सवय असलेल्याला परकी वाटत नाही आणि मिंट २२ या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. तथापि, तुमचे यंत्र संथ होण्यामागे विंडोजइतकाच त्यातल्या फिरत्या हार्डडिस्कचा हात असावा. म्हणून शक्य असेल तर आधी २४० जीबीच्या आसपासची अडीच इंची साटा जोडणीची एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवून घ्या आणि लिनक्स तिच्यावरच टाका. याचा वेगाखेरीज आणखी एक लाभ आहे, आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो : काढलेली जुनी डिस्क विंडोजसह जशीच्या तशी कपाटात राहते, त्यामुळे काही बिघडले तर ती परत लावता येते आणि यूएसबी केसिंगमध्ये (डिस्क यूएसबीने जोडण्याच्या डबीत) घातल्यास तिच्यातील फाइली लिनक्समधूनही उघडता येतात.

त्याआधी लिनक्स चालवून पाहा. मिंटची आयएसओ फाइल (जिच्यात सारी प्रणाली एकत्र असते) उतरवून ती रुफस या प्रोग्रामने ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर चढवा (पेनड्राइव्हवरचे आधीचे सारे पुसले जाते). लॅपटॉप सुरू करताना कंपनीनुसार एफ १२, एफ ९ किंवा एस्केप दाबून पेनड्राइव्ह निवडला, की डिस्कला हात न लावता लिनक्स सुरू होते. ते पेनड्राइव्हवरून धिमे चालते, त्यावरून मत बनवू नका. वायफाय, आवाज, कॅमेरा आणि तुमचा प्रिंटर चालतो का, तेवढे तपासा. वायफाय दिसले नाही, तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्याचे इंटरनेट घ्या आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून योग्य ड्रायव्हर (वायफायचा भाग चालवणारा प्रोग्राम) मिळतो का पाहा.

मराठी टंकलेखनासाठी इन्स्क्रिप्ट ही भारतीय भाषांसाठीची प्रमाणित कीबोर्ड-मांडणी लिनक्समध्ये आहेच. सेटिंगमध्ये ती फक्त जोडावी लागते. खरी काळजी जुन्या लेखनाची घ्यावी लागेल. तुमचे लेख श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये (युनिकोड म्हणजे सगळ्या यंत्रांवर चालणारी अक्षरांची सामाईक पद्धत) असतील, तर तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर ते निरर्थक अक्षरांसारखे दिसतात आणि शोधताही येत नाहीत. म्हणून असे लेख असल्यास त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर विंडोज चालू आहे तोवरच करून घ्या, दोन-चार पाने मूळ मजकुराशी ताडून जोडाक्षरे आणि रफार तपासा, आणि मगच डिस्क बदला.