घोडबंदरचा फ्लॅट की खारघरचा? मनाचा कौल कधी मानावा

तुमचा प्रश्न असा: दोन फ्लॅट पाहिलेत, हिशेबात घोडबंदर रोडचा सरस ठरतोय, पण मन खारघर म्हणतंय. मनावर विश्वास ठेवायला कसं शिकायचं?

आधी हे बघा की मनाला या बाबतीत काही शिकायला मिळालंय का. भाकरीच्या पिठाला किती पाणी लागेल ते हाताला कळतं, कारण चुकलं तर भाकरी लगेच चिरते. ठाण्याहून रोज लोकल पकडणाऱ्याला गाडी फलाटावर शिरतानाच कळतं, हिच्यात चढता येईल की नाही. डॅनियल कानेमन आणि गॅरी क्लाइन हे या विषयातले दोन विरोधी गटांतले मानसशास्त्रज्ञ. 2009 साली त्यांनी मिळून लिहिलेल्या निबंधात दोन अटी मान्य केल्या: त्या कामात काही नियमितपणा हवा, आणि चूक-बरोबर कळत राहील असा भरपूर सराव हवा. नुसतं ठाम वाटणं हा पुरावा नव्हे, यावरही दोघांचं एकमत होतं.

घर आपण एकदा, फार तर दोनदा घेतो. त्यामुळे भाव वाढेल का, ताबा वेळेवर मिळेल का, हे मनाला विचारूच नका. त्यासाठी महारेराच्या, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाका. पूर्णत्वाची तारीख आणि मुदतवाढ तिथे दिसते. करार नोंदवण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डर मागत असेल तर ते कायद्यात बसत नाही.

प्रवासाचा त्रास, आवाज, उजेड, शेजार यांचा अनुभव मात्र तुम्हाला वर्षानुवर्षांचा आहे. इथे मनाचं जरूर ऐका, पण शेवटी. कानेमन यांनी 1950च्या दशकात इस्रायली सैन्याच्या मुलाखतींसाठी हीच रीत घातली होती: उमेदवाराच्या सहा स्वभावगुणांना वेगवेगळे आकडे द्यायचे आणि मग डोळे मिटून एक आकडा सांगायचा. तो डोळे मिटून दिलेला आकडाही बेरजेइतकाच उपयोगी ठरला. तुम्ही प्रवास, पाणी, उजेड-वारा, आवाज, हप्ता आणि शेजार यांना 1 ते 5 गुण द्या. आधी दोन्ही घरांचा प्रवास, मग दोन्हींचं पाणी, असं. एक घर सलग भरलं की बाल्कनी आवडल्याचा रंग पाण्याच्या गुणांनाही लागतो.

गडबड होते ती बहुतेकदा सॅम्पल फ्लॅटमध्ये. एसी, दिवे, बेतशीर फर्निचर, वर ‘आज टोकन दिलंत तरच हा भाव’. ती घाई विकणाऱ्याची असते, आपल्याला मात्र वाटतं की आतून हो आलं. प्रवासाचे गुण रविवारी दुपारी देऊ नका. कामाच्या दिवशी सकाळी साडेआठला घोडबंदर रोडवरून ऑफिसपर्यंत जाऊन या, खारघरहूनही तसंच.

मनात पाल चुकचुकली तर कशामुळे, ते एका वाक्यात लिहा. ‘पाण्याचं विचारलं तर विषय बदलला’ असं काही निघालं तर ते तपासता येतं. दोन दिवसांनी, झोप झाल्यावरही काहीच निघालं नाही, तर बहुधा ती मोठ्या कर्जाची धास्ती आहे. ती दोन्ही घरांना सारखीच लागू.

सरावासाठी वही ठेवा, पण आठवड्याभरात निकाल लागेल अशाच गोष्टींची: मीटिंग पुढे ढकलली जाईल का, सुतार सांगितल्या दिवशी येईल का. तारीख, अंदाज आणि खात्री किती टक्के, एवढंच. पंचवीस-तीस नोंदींनंतर ‘80 टक्के खात्री’वाल्या मोजा. दहातल्या आठाच्या आसपास खऱ्या निघायला हव्यात. पाचच निघाल्या, तर तुमची 80 टक्के म्हणजे नाणेफेक. आणि हे विषयवार मोजा. सुताराबद्दलचा अंदाज पक्का म्हणून बिल्डरबद्दलचाही पक्का असेल असं नाही.