मन स्वतःला वाचवतं तेव्हा

प्रश्न : ऑफिसात साहेब सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलतात. तिथं मी गप्प बसतो आणि घरी आल्यावर मुलीवर ओरडतो. कारण अगदी क्षुल्लक असतं. नंतर फार अपराधी वाटतं. असं का होतं?

उत्तर : वड्याचं तेल वांग्यावर निघतंय. मानसशास्त्रात याला विस्थापन म्हणतात. साहेबांवर चिडलं तर नोकरी धोक्यात येते, म्हणून राग सुरक्षित जागा शोधतो. नकोशा भावनांपासून मन स्वतःला वाचवतं, ही मनाच्या बचावाची कल्पना मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९४ मध्ये मांडली. त्यांची मुलगी ॲना फ्रॉइड यांनी १९३६ मध्ये बचावाच्या निरनिराळ्या तऱ्हा सविस्तर सांगितल्या. या तऱ्हा नकळत वापरल्या जातात, आणि खरी अडचण तीच आहे. दारात पडलेलं दप्तर दिसतं आणि त्या क्षणी तुम्हाला मनापासून वाटतं, की आपण दप्तरावरूनच चिडलोय.

आवाज चढायला लागला की स्वतःला विचारा : हेच दप्तर सुट्टीच्या दिवशी दिसलं असतं, तर मी इतका भडकलो असतो का? उत्तर 'नाही' असेल तर तिथंच थांबा. 'आज ऑफिसात त्रास झाला, थोडा वेळ दे' एवढं मुलीला सांगितलं तरी चालेल. ओरडून झालंच असेल, तर तिच्याजवळ बसून 'तुझं काही चुकलं नव्हतं' हे स्पष्ट शब्दांत सांगा. मुलं मोठ्यांच्या रागाचं कारण स्वतःमध्ये शोधतात, म्हणून मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. साहेबांशीही शांत वेळ पाहून बोला : 'चुका जरूर दाखवा, पण एकट्यात.'

प्रश्न : मग उशीवर ठोसे मारून राग काढून टाकावा का?

उत्तर : नको. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या २००२ मधल्या प्रयोगात, चिडवणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर आणून पंचिंग बॅगवर ठोसे मारणाऱ्यांचा राग सर्वांत जास्त राहिला. नुसतं शांत बसलेल्यांचा कमी होता.

प्रश्न : वडिलांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला. ते म्हणतात, 'काही नाही, गॅस झाला होता.' गोळ्याही चुकवतात. त्यांना सत्य कसं पटवू?

उत्तर : हा नकार आहे, म्हणजे झेपत नाही ते सत्य मानायचंच नाही, अशी मनाच्या बचावाची आणखी एक तऱ्हा. तो सरसकट वाईट नसतो. हृदयविकाराच्या रुग्णांच्या अभ्यासांत दिसलंय, की रुग्णालयातल्या सुरुवातीच्या दिवसांत नकारामुळे घबराट कमी राहते. घरी आल्यावर मात्र तोच औषधांच्या आणि पथ्याच्या आड येतो. तुमचे वडील आता त्या टप्प्यावर आहेत.

तरीही रिपोर्ट पुढे धरून वाद घालू नका. धक्का बसलेला माणूस जितका कोंडीत सापडतो, तितका जास्त नाकारतो. 'त्या रात्री तुम्हाला काय वाटलं होतं?' असं एकदा विचारा आणि ते जे सांगतील ते मध्ये न बोलता ऐका. घाबरलो होतो, एवढं तोंडातून निघालं तरी बरंच काम होतं. गोळ्यांसाठी त्यांनी आजार कबूल करण्याची वाट पाहू नका. वेळ ठरवा, डबी समोर ठेवा, डॉक्टरांनाच त्यांच्याशी बोलायला सांगा. छातीत पुन्हा दुखलं, तर 'गॅसच आहे' हे ऐकत बसू नका. ताबडतोब रुग्णालयात न्या.

प्रश्न : आमच्याकडे लवकरच कर्मचारीकपात होणार अशी कुजबुज आहे. सगळे म्हणतात, विचारच करू नकोस. पण जितका टाळते तितका तो विचार येतो.

उत्तर : येणारच. १९८७ मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी एका प्रयोगात लोकांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा. घंटी वाजतच राहिली. नंतर विचार करायला मोकळीक दिल्यावर तर अस्वल आणखीच वारंवार डोक्यात येऊ लागलं.

विचार पुढे ढकलणं मात्र जमतं. मनोविकारतज्ज्ञ जॉर्ज व्हेलंट यांनी अशा जाणीवपूर्वक पुढे ढकलण्याला मनाच्या प्रगल्भ, म्हणजे समंजस बचावांत जागा दिली आहे, कारण त्यात माणूस त्या विषयाकडे परत येतो. संध्याकाळची अर्धा तास वेळ या काळजीसाठी राखून ठेवा आणि कागद घेऊन बसा. हातातल्या गोष्टी लिहा : बायोडेटा, ओळखीच्यांना फोन, किती महिन्यांचा खर्च निघेल. कपात होईल की नाही हे तुमच्या हातात नाही. त्यासाठी कुणाशी तरी मोकळेपणी बोला किंवा चालायला जा. दिवसा विचार आला की त्याला संध्याकाळची वेळ द्या. पण झोप उडाली असेल आणि हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल, तर समुपदेशकाकडे जायला संकोच करू नका.