वाचनालयाचे सभासद वाढवायला जाहिरात कशी करावी?

प्रश्न असा आहे: कोल्हापुरात पेठेतलं जुनं वाचनालय, नवे सभासद येत नाहीत, रील्स करावेत की हँडबिलं वाटावीत?

रील्स करा, कोण नको म्हणतंय! पण रील बघून आलेल्या पोरीला आत कुलूपबंद काचेची कपाटं दिसली आणि 'पुस्तकाचं नाव चिठ्ठीवर लिहून द्या' असं ऐकावं लागलं, तर ती परत यायची नाही. ज्या गावात करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून उभं आहे, तिथं 'लोक वाचत नाहीत' हे कारण मला कुणी सांगू नये.

पुस्तकं उचला आणि माणसं थांबतात तिथं न्या. रंकाळ्यावर लोक चालायला येतात, त्यांना हातात ओझं नको असतं. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर हात ओले. शिकवणी सुटायची वाट बघणारे आईबाप आणि तालमीचा कट्टा, या दोन जागा धरा.

पेटी झाकणाची, प्लास्टिकची. पत्र्याची ट्रंक आपल्या पावसात गंजते आणि डाग पुस्तकांना पडतात. ४० पुस्तकं पुरे. तेवढ्यांचंच वजन १२-१५ किलो होतं, स्कूटरच्या पायात तेवढंच मावतं. त्यात १५ तरी मुलांची हवीत. एमपीएससीची गाइडं घालू नका, परीक्षा होईपर्यंत ती परत येत नाहीत. आणि ती खाकी कव्हरं काढा हो! खाकी चढवलेली ४० पुस्तकं म्हणजे ४० विटा. मूळ मुखपृष्ठावर पारदर्शक कव्हर घाला, मांडताना तोंड वर. दाखल क्रमांकांची (वाचनालयाच्या नोंदवहीत प्रत्येक पुस्तकाला दिलेला नंबर) यादी झाकणाच्या आतून चिकटवा, म्हणजे आवरताना दोन मिनिटांत मेळ लागतो.

वार आणि वेळ बदलायची नाही. पहिलं पुस्तक अनामत न घेता द्या. नाव आणि मोबाइल लिहा, तिथंच मिस्ड कॉल देऊन नंबर खरा आहे का बघा. परत मात्र वाचनालयातच करायचं. सगळी मेख इथंच आहे. पेटीतच परत घेतलंत तर माणूस तुमचा उंबरा कधीच चढणार नाही. अर्थात संध्याकाळी साडेसहालाच कुलूप लावत असाल, तर नोकरदार तो चढणार कधी?

व्हॉट्सअॅपवर ग्रुप नको, ब्रॉडकास्ट करा. पण समोरच्यानं तुमचा नंबर सेव्ह केला नसेल तर निरोप पोचतच नाही, म्हणून पुस्तक देतानाच त्याच्याकडून सेव्ह करून घ्या. आठवड्याला एकच निरोप, तीन मुखपृष्ठांचे फोटो.

आता 'कपाटं उघडी ठेवली की चोरी होते' म्हणणाऱ्या कार्यकारिणीबद्दल. या वादात माझी बरीच वर्षं गेलीत. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ मध्येच ग्रंथालयाचा पहिला नियम सांगितला, पुस्तकं वापरासाठी असतात. आपण अजून किल्ल्या सांभाळतोय. भांडू नका, मोजा. कुठल्याही कपाटातली सलग ५० पुस्तकं काढा, मागच्या चिठ्ठीवरचा शेवटचा शिक्का बघा. पाच वर्षांत एकदाही बाहेर न गेलेली किती आणि गहाळ किती, हे दोन आकडे सभेत ठेवा आणि मुक्तद्वार पद्धतीचा, म्हणजे वाचकानं स्वतः कपाटातून पुस्तक निवडायचं याचा, ठराव मागा.

एक राहिलंच. अनामत माफ करायलाही आधी ठराव करून घ्या आणि पेटीची देवघेव वेगळ्या वहीत लिहा, नाहीतर तपासणीत ग्रंथपालच अडकतो. एकटाच कर्मचारी असेल तर पेटी पंधरवड्यातून एकदाच काढा. हँडबिलं? शंभरेक छापा, पुस्तकात खूण म्हणून घाला.