अश्वगंधेच्या जनुकांवर संशोधन करायचंय, पण पोट भरेल का?

नमस्कार.

मुलगी बी.एस्सी. ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला औषधी वनस्पतींच्या जनुकांवर संशोधन करायचंय, आणि घरातली मंडळी 'त्यापेक्षा एमपीएससी कर' म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. यात पोट भरेल का, हा तुमचा प्रश्न. भरेल. मात्र पाच-सात वर्षं धीर धरावा लागेल, तिलाही आणि तुम्हालाही.

आधी काम कसं असतं ते सांगते. अश्वगंधेच्या मुळांतले विथॅनोलाइड हे घटक औषधासाठी महत्त्वाचे. त्यांचं प्रमाण झाडागणिक बदलतं. हा फरक बियाण्याचा, की जमिनीचा, पाण्याचा, काढणीच्या वेळेचा? ते ठरवायला तेच वाण निरनिराळ्या ठिकाणी, अनेक हंगाम लावावे लागतात. मुळं खणायची, धुवायची, वाळवायची, घटक मोजायचे; मग ती मोजमापं डीएनएशी ताडून बघायची. शेतातली नोंदच चुकली, तर महागडं यंत्रही काही सांगू शकत नाही. शेतकऱ्याच्या घरात वाढल्यामुळे ती मागे पडेल ही तुमची भीती म्हणूनच मला पटत नाही. उलट ती तिची जमेची बाजू आहे.

धीराचं म्हणाल, तर भाताचं उदाहरण बघा. ओडिशातल्या 'एफआर १३ ए' या वाणात पुराच्या पाण्याखाली दोनेक आठवडे तग धरायचा गुण होता. तो नवव्या गुणसूत्रावर असल्याचं १९९६ मध्ये कळलं, नेमकं जनुक २००६ मध्ये सापडलं, आणि तो गुण असलेलं 'स्वर्णा-सब १' हे वाण भारतात २००९ मध्ये प्रसारित झालं. इतक्या वर्षांच्या कामातून शेतकऱ्याच्या हातात खरंच काही पडलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता वाट. नुसतं 'बायोटेक' नाव बघून खासगी संस्थेत भरमसाट फी भरू नका. एम.एस्सी.ला जेनेटिक्स अँड प्लँट ब्रीडिंग, म्हणजे अनुवंशशास्त्र आणि नवी वाणं तयार करण्याचं शास्त्र, घेऊन त्यात डीएनए मार्करचं (हवा तो गुण ओळखायला मदत करणाऱ्या डीएनएतल्या खुणांचं) काम करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. संशोधन अडलं, तरी जालन्यासारख्या ठिकाणच्या बियाणे कंपन्यांना ब्रीडर, म्हणजे वाणं तयार करणारे तज्ज्ञ, लागतातच. या एम.एस्सी.साठी आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) प्रवेश परीक्षा द्यावी. बायोटेकच हवं असेल तर जीएटी-बी ही त्या विषयाची प्रवेश परीक्षा. संख्याशास्त्र आत्तापासून पक्कं करावं, ते टाळून या विषयात पुढे जाता येत नाही. पुढे सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनासाठीची फेलोशिप मिळाली, तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि नियमानुसार घरभाडं मिळतं. म्हणजे पीएच.डी.चा भार तुमच्यावर पडत नाही.

औषधी वनस्पतींसाठी लखनौचं सीमॅप (औषधी आणि सुगंधी वनस्पतींची केंद्रीय संशोधन संस्था) आणि आणंदजवळच्या बोरियावीचं आयसीएआरचं संचालनालय बघा. पुण्यात आघारकर संस्था आहे. पण संस्थेच्या नावाआधी गाइड, म्हणजे पीएच.डी.चे मार्गदर्शक, बघावेत. तिला त्यांच्या आताच्या विद्यार्थ्यांना फोन करून दोनच गोष्टी विचारू द्या : फेलोशिप वेळेवर येते का, आणि आधीच्यांना पीएच.डी. पूर्ण करायला किती वर्षं लागली?