रक्त पातळ होण्याची गोळी चालू असताना डोक्याला मार: सीटी आजच करा

ताई, आईंचं वय ७१, हृदयाची झडप बदललेली, असिट्रॉम (रक्त पातळ करणारी गोळी) चालू, आणि सकाळी न्हाणीत घसरून डोक्याला मागून मुका मार. टेंगूळ आलंय, पण बोलणं-चालणं नीट आहे, म्हणून उद्यापर्यंत थांबू का, असं विचारलंय तुम्ही. थांबू नका. तासगावहून सांगली-मिरज जवळ आहे. पडल्यापासून ८ तासांच्या आत डोक्याचा सीटी व्हायला हवा. उलटी, गुंगी किंवा एका बाजूला अशक्तपणा दिसला तर तासही बघू नका, १०८ बोलवा.

उतारवयात मेंदू थोडा आकसतो आणि त्याच्यावरच्या बारीक शिरा ताणलेल्या असतात. त्यातली एखादी फाटली की रक्त हळूहळू साचतं. आत मोकळी जागा असल्यामुळे सुरुवातीला माणूस ठणठणीत वाटतो, आणि गोळीमुळे रक्त लवकर गोठत नाही.

निघण्याआधी दवाखान्यात फोन करा: सीटी आत्ता चालू आहे का, न्यूरोसर्जन येतील का, पीसीसी इंजेक्शन (रक्त गोठवणारे घटक असलेलं) आणि रक्तपेढी आहे का. गोळ्यांची पट्टी, आयएनआरची (रक्त किती पातळ आहे ते दाखवणाऱ्या तपासणीची) वही आणि शेवटच्या गोळीची वेळ सोबत न्या. आयएनआर तपासतीलच, पण त्याच्या रिपोर्टसाठी सीटी अडवू देऊ नका.

रक्तस्राव दिसला तर गोळीचा परिणाम उतरवायला व्हिटॅमिन के १० मिलिग्रॅम शिरेतून सावकाश देतात. त्याचा परिणाम व्हायला काही तास जातात, म्हणून सोबत पीसीसी लागतं, वजन आणि आयएनआर बघून किलोमागे २५ ते ५० युनिट. त्याने आयएनआर काही मिनिटांत उतरतो. ते नसेल तर प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग, गोठवून ठेवलेला), किलोमागे १० ते १५ मिलि. म्हणजे ६० किलोच्या माणसाला पाऊण लिटरच्या आसपास, शिवाय आधी तो वितळवायचा. झडपेच्या पेशंटला एवढं पाणी सोसेलच असं नाही. म्हणूनच पीसीसीची चौकशी आधी करायची. (डॅबिगॅट्रान ही रक्त पातळ करणारी दुसरी गोळी; ती घेणाऱ्यांना आयएनआरवरून काही कळत नाही, त्यांचं उताऱ्याचं औषध वेगळं, इडारुसिझुमॅब.)

सीटी बघेपर्यंत आजची असिट्रॉम देऊ नका, पण पुढे ती परस्पर बंदही ठेवू नका. कृत्रिम झडपेवर गुठळी झाली तर तेही जिवावर बेततं. किती दिवस थांबवायची हे न्यूरोसर्जन आणि हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवतील. दुखण्यावर फक्त पॅरासिटामॉल. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन नको.

सीटी नॉर्मल आला तर बहुतेकांना पुढे काही होत नाही. तरी पहिले २४ तास कोणीतरी जवळ राहा, रात्री दर दोन तासांनी उठवून नाव विचारा. त्यानंतर सहा-आठ आठवडे लक्ष असू द्या. डोकं सतत दुखणं, दिवसा पेंग, विसरभोळेपणा, चालताना एका पायातली चप्पल निसटते आणि त्यांना कळतही नाही, असं काही दिसलं तर वयावर ढकलू नका. पहिला सीटी नॉर्मल असला तरी तो पुन्हा करून घ्या; साचलेलं रक्त कवटीला लहान भोक पाडून काढता येतं.